जुन्या मोटारीचा टॉर्क कन्व्हर्टर

मुंबईहून किहीमला जाणाऱ्याची वाट अलीकडे पुन्हां समुद्रावरून जाऊं लागली आहे. २०२० सालीं भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली, आणि वडखळचा लांब वळसा टाळून माणसें आपल्या मोटारींसह सुमारें तासाभरांत पलीकडच्या किनाऱ्यावर उतरूं लागलीं. बोटीचा फळा धक्क्यावर टेकतो. एकामागून एक गाड्या तो चढ चढून बाहेर पडतात आणि चोंढीच्या वाटेनें किहीमच्या सुरूच्या बनाकडे निघून जातात.

अशाच एका फेरीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. किहीमला त्यांची नारळी-पोफळीची लहानशी वाडी आहे. गाडी पंचवीस वर्षांची जुनी, पण स्वयंचलित गीयरची. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना क्लच दाबवत नाहीं, म्हणून ती गाडी त्यांनीं जिवापाड जपलेली. रात्रीं-अपरात्रीं अलिबागला डॉक्टरकडे जावें लागलें, तर पतिपत्नींना तिचाच आधार. त्या दिवशीं फळ्यावर चढतांना त्यांनीं पाय पुरता दाबला. पण इंजिन घुसमटल्यासारखें झालें, नेहमीसारखें चढेना, आणि गाडी जागची हलेना. मागें भोंगे वाजूं लागले. अखेर खलाशांनीं हात लावून ती वर काढली. चमत्कार असा कीं, चोंढीच्या सपाट रस्त्यावर तीच गाडी पूर्वीसारखी धांवूं लागली.

घरीं पोंचतांच सल्ल्यांना तोटा राहिला नाहीं. एकानें गाडी भंगारांत काढावयास सांगितलें, दुसऱ्यानें सबंध गीयरपेटी बदलण्याचा आग्रह धरला, तिसरा म्हणाला, “काका, टॉर्क कन्व्हर्टर गेला आहे. कुर्ल्याहून दुसरा आणा नि बसवून टाका.” तिसऱ्या सल्ल्यांत तथ्य असूं शकतें. पण ‘दुसरा’ म्हणजे कोणता, आणि तो बसविण्यापूर्वीं काय पाहावें, यावरच पुढचें सारें यश अवलंबून असतें. त्या निवडीचाच येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम हें यंत्र आहे तरी काय, तें समजून घेणें इष्ट होय. टॉर्क म्हणजे दांड्याला फिरविणारा पीळ. साध्या मोटारींत हा पीळ क्लचच्या तबकडीमार्फत गीयरपेटीला मिळतो, आणि गाडी थांबवितांना चालक डाव्या पायानें ती तबकडी सोडवितो. येथें तबकडीच्या जागीं पोलादाचा एक गोल, बंद डबा असतो आणि तो तेलानें भरलेला असतो. डब्याच्या आंत समोरासमोर दोन पंखे असतात. विजेचा एक पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर वाऱ्याच्या झोतानें दुसऱ्याचीं पातींहि फिरूं लागतात. दोहोंमध्यें धातूचा कसलाहि सांधा नसतो. कन्व्हर्टरमध्यें वाऱ्याचें काम तेल करतें. इंजिनाला जोडलेला पंखा तेल फेकतो, तो पंप. गीयरपेटीला जोडलेला पंखा त्या झोतानें फिरतो, तो टर्बाइन. गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाहीं, कारण मधलें तेल घसरूं शकतें. डाव्या पायाचें काम तेलानें पत्करलेलें असतें.

परंतु एवढ्यानेंच पीळ वाढत नाहीं. टर्बाइनमधून परतणारें तेल उलट दिशेनें पंपावर आदळून त्याला अडवूं पाहतें. म्हणून दोहोंच्या मधोमध स्टेटर नांवाचा तिसरा, लहान पंखा बसविलेला असतो. तो त्या तेलाचें तोंड वळवून तें पंपाच्याच दिशेस लावतो. गाडी जागेवरून निघतांना इंजिनाचा पीळ सुमारें दुपटीच्या घरांत जातो, तो या स्टेटरमुळें. मात्र त्यासाठीं स्टेटरनें त्या क्षणीं घट्ट उभें राहिलें पाहिजे, आणि वेग आल्यावर तेलाबरोबर मोकळें फिरलें पाहिजे. हें साधण्याकरितां त्याच्या पोटांत सायकलच्या फ्रीव्हीलसारखा, एकाच दिशेनें फिरूं देणारा क्लच असतो. शिवाय गेल्या चाळीस वर्षांतील बहुतेक कन्व्हर्टरांत लॉक-अप क्लच असतो. गाडीला वेग आला कीं तो पंप आणि टर्बाइन यांना एकत्र जखडतो, आणि तेलाच्या घसरणुकींत वायां जाणारी शक्ति वांचवितो.

या यंत्राचा जन्म मोटारीसाठीं झालेला नाहीं. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर हा श्टेटिन येथील व्हल्कान जहाज-कारखान्यांत काम करीत असतां त्यानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. वाफेचें टर्बाइन अतिशय वेगानें फिरे, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरणेंच हितावह होतें; त्या दोहोंची सोयरीक जुळविण्यासाठीं त्यानें द्रवाला मध्यस्थ केलें. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंतील ब्यूइक मोटारींत डायनाफ्लो या नांवानें टॉर्क कन्व्हर्टर आला, आणि मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या प्रवासी मोटारींत त्याचा शिरकाव झाला. जहाजासाठीं जन्मलेलें हें यंत्र आज बोटींत बसून किहीमला येतें, आणि बोटीच्या फळ्यावरच कधींमधीं रुसतें!

येथें एक इशारा आवश्यक आहे. गाडीला दोनच पेडलें आहेत, म्हणून तिच्यांत टॉर्क कन्व्हर्टर असेलच असें समजूं नये. भारतांत २०१४ सालीं मारुती सेलेरियोबरोबर आलेल्या ए.एम.टी. पद्धतींत साधाच क्लच असतो; तो फक्त यंत्रानें दाबला जातो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील झेन आणि होंडा सिटी यांच्या स्वयंचलित प्रकारांत टॉर्क कन्व्हर्टर होता. परंतु सिटीच्याच पुढच्या पिढींतील सी.व्ही.टी. पेटींत त्याच्याऐवजीं निराळा क्लच घातलेला होता. तेव्हां गाडीच्या नांवावर विसंबून न राहतां तिच्या पुस्तकांत आणि पेटीवरील पट्टीवर काय लिहिलें आहे, तें आधीं वाचावें.

किहीमला निवडीचा उत्तम धडा देणारा एक गुरु पूर्वींपासून आहे, तो म्हणजे सुगरण पक्षी. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनीं १९३० सालीं किहीम येथें राहून या पक्ष्याचें निरीक्षण केलें. नर अर्धेंमुर्धें घरटें विणून ठेवतो. मादी येऊन त्याची आंतून पाहणी करते. पसंत पडलें तरच ती तेथें राहते, आणि मग नर उरलेलें काम पुरें करतो. पाहणी आधीं, पसंती नंतर, हा तिचा क्रम आहे. मोटारीच्या बाबतींत माणूस नेमका उलट वागतो. आधीं सुटा भाग विकत आणतो, आणि दोष कोठें होता याचा शोध मागाहून घेतो.

पाहणीचा आरंभ तेलापासून करावा. तेलाची पातळी कशी मोजावी, इंजिन चालू ठेवून कीं बंद करून, हें प्रत्येक गाडीच्या पुस्तकांत वेगळें दिलेलें असतें आणि तें तंतोतंत पाळावें लागतें. निरोगी तेल बहुधा लालसर व स्वच्छ असतें. तें काळपट होऊन करपल्याचा वास येत असेल, तर पेटींतील तबकड्या जळत आहेत असें समजावें. त्यांत धातूची चमचमणारी कणी दिसली, तर कोठेंतरी धातू धातूला खात आहे. आणि तें गुलाबी दुधासारखें झालें असेल, तर त्यांत पाणी शिरलें आहे. या शेवटच्या दोषाकडे किनाऱ्यावरच्या माणसानें विशेष लक्ष द्यावें. पुष्कळ गाड्यांत गीयरपेटीचें तेल रेडिएटरच्याच टांकींतून फिरवून थंड केलें जातें. खाऱ्या हवेनें आणि शिळ्या पाण्यानें रेडिएटर आंतबाहेर गंजतो. मधला पडदा फुटला कीं रेडिएटरचें पाणी तेलांत मिसळतें आणि तबकड्यांवरचें अस्तर सोलून काढतें. अशा पेटीला नवा कन्व्हर्टर जोडणें म्हणजे नासलेल्या विहिरीवर नवा रहाट बसविण्यासारखें आहे.

तेल निर्दोष निघालें, तर पुढची परीक्षा म्हणजे स्टॉल-चांचणी. ती जाणत्या मिस्त्रीनेंच करावी. चाकांना अडण्या लावून, पुढेंमागें कोणी उभें नाहीं याची खात्री करून, ब्रेक पुरता दाबून, पेटी डी-मध्यें ठेवून क्षणभर पुरतें पेट्रोल द्यावयाचें आणि इंजिनाचे फेरे किती चढतात तें पाहावयाचें. पांच सेकंदांहून अधिक काळ ही चांचणी चालूं देऊं नये, कारण तेवढ्यांत तेल कढत होतें. फेरे पुस्तकांतील आंकड्यापेक्षां फार वर गेले, तर पेटींतील तबकड्या घसरत आहेत. मग कन्व्हर्टर बदलून कांहीं साधणार नाहीं. फेरे बरेच खालीं राहिले, आणि इंजिन स्वतः निरोगी असलें, तर स्टेटरचा फ्रीव्हील निकामी होऊन तो दोन्ही दिशांनीं मोकळा फिरत आहे असें अनुमान निघतें. फळ्यावर गाडी घुसमटली आणि सपाटीवर धांवली, याचा अर्थ आतां श्रोत्यांच्या ध्यानीं येईल. निघतांना लागणारा दुपटीचा पीळ नाहींसा झाला होता. वेगांत स्टेटरला मोकळेंच फिरावयाचें असल्यामुळें तेथें दोष दिसला नाहीं. याउलट फ्रीव्हील कायमचा जखडला, तर गाडी चांगली निघते, पण वेगांत अडखळते आणि तेल तापवीत राहते.

आणखी दोन लक्षणें फसवीं आहेत. मध्यम वेगानें जातांना रस्त्यावर बारीक उंचवटे असावेत तशी गाडी थरथरते, आणि ब्रेकला हलकासा स्पर्श करतांच थरथर थांबते, तेव्हां दोष लॉक-अपचा असतो. पण तो पुष्कळदां योग्य जातीचें ताजें तेल भरल्यानेंच नाहींसा होतो. तसेंच पेटीच्या तोंडाशीं खडखड ऐकूं आली, तर कन्व्हर्टर आणि इंजिन यांना जोडणारी पातळ पोलादी तबकडी तडकली आहे काय, किंवा तिचे बोल्ट सैल झाले आहेत काय, हें आधीं पाहावें. थोड्या खर्चाचा रोग मोठ्या खर्चाच्या नांवावर खपूं देऊं नये.

एवढें करून दोष कन्व्हर्टरचाच ठरला, तर निवडीचा प्रश्न येतो. वाटा तीन आहेत. पहिली, कंपनीचा कोरा कन्व्हर्टर. तो मिळाल्यास उत्तमच. पण पंचवीस वर्षांच्या गाडीसाठीं तो सहसा दुकानांत नसतो, आणि परदेशांतून मागविला तर गाडीच्या किंमतीशीं स्पर्धा करतो. दुसरी वाट कुर्ल्यासारख्या जुन्या बाजाराची. तेथें वस्तु स्वस्त मिळते; पण डबा बंद असल्यामुळें आंतली स्थिति विकणाऱ्यालाहि ठाऊक नसते. तेल निथळून गेलेला कन्व्हर्टर दोन पावसाळे उघड्यावर पडून असेल, तर त्याच्या पोटांत गंज धरलेला असतो, आणि तो गंज पहिल्याच दिवशीं नव्या तेलांत उतरतो. तिसरी वाट आपलाच कन्व्हर्टर नवा करून घेण्याची. कारागीर त्याचा सांधा लेथवर कापतो, डबा उघडतो, आंतली घाण धुतो, फ्रीव्हील, बेअरिंगें, सीलें आणि लॉक-अपचें अस्तर बदलतो, पुन्हां सांधून डबा गळतो काय तें दाबानें तपासतो, आणि शेवटीं त्याचा तोल साधतो.

या तिहींपैकीं कोणतीहि वाट घेतली, तरी कसोटी एकच : नवा कन्व्हर्टर जुन्याशीं अंगोपांगीं जुळला पाहिजे. गाडीचें नांव सारखें असून भागत नाहीं. एकाच नांवाच्या गाडींत निरनिराळ्या सालीं निरनिराळीं इंजिनें आणि पेट्या आलेल्या असतात. म्हणून पेटीच्या अंगावरचा सांकेतिक क्रमांक उतरून घ्यावा. मग जुना आणि नवा शेजारीं ठेवून मापें घ्यावींत : इंजिनाच्या खोबणींत बसणाऱ्या नाकाचा व्यास, पेटीच्या पंपांत शिरणाऱ्या नळीचा व्यास आणि तिच्या खांचा, आंतील दांड्यांच्या दात्यांची संख्या, बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास, डब्याची एकंदर खोली, आणि लॉक-अप आहे कीं नाहीं. यांतील एकहि माप चुकलें, तर वस्तु कितीहि नवी असली तरी ती परकीच होय.

दिसत नाहीं असें एक माप याहून महत्त्वाचें आहे, तें स्टॉलच्या फेऱ्यांचें. शर्यतीच्या गाड्यांसाठीं हे फेरे मुद्दाम जास्त ठेवलेले कन्व्हर्टर मिळतात, आणि कांहीं विक्रेते ते ‘जोरदार’ म्हणून पुढें करतात. इंजिन उंच फेऱ्यांवर नेऊन गाडी उडविण्यासाठीं ते योग्य आहेत. परंतु घरच्या गाडींत त्यामुळें तेल अधिक घसरतें, अधिक तापतें, आणि पेट्रोलहि अधिक जळतें. सुट्टीच्या दिवशीं वडखळच्या रांगेंत तासभर खुरडत जाणाऱ्या आणि मग बोरघाट चढणाऱ्या गाडीला ही उष्णता मारक ठरते. फेरे मूळच्यापेक्षां कमी असले, तरीहि सुख नाहीं. गाडी जड पायांनीं निघते, आणि सिग्नलला उभी असतां पुढें ओढत राहते. इंजिनाचा जोर, गीयरांचीं प्रमाणें आणि गाडीचें वजन यांचा मेळ घालूनच कारखान्यानें मूळचा आंकडा ठरविलेला असतो. म्हणून शहाण्यानें अधिक जोराचा कन्व्हर्टर शोधूं नये, तसाच शोधावा.

येथें तिसऱ्या वाटेचा मोठा गुण दिसून येतो. आपलाच कन्व्हर्टर दुरुस्त होऊन आला, तर मापांचा संशयच उरत नाहीं. नाक, नळी, दाते, खोली, सर्व मूळचें असतें. डब्याला तडा नसावा, पंपांत शिरणारी नळी सीलच्या जागीं फार झिजलेली नसावी, आणि पातीं वांकलेलीं नसावींत, एवढें मात्र उघडल्यावर स्वतः पाहावें. कारखान्यांत तोल साधण्याचें यंत्र आहे काय, काय काय बदललें याची यादी बिलावर मिळेल काय, आणि हमी लेखी आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्यांत कोणाचाहि अपमान नाहीं. दुसरा कन्व्हर्टर घेतला, तरी जुना लगेच हातचा सोडूं नये; नवा कांहीं आठवडे चालल्यावर मगच तो मोडींत द्यावा. जुन्या गाडीच्या मालकाची खरी ठेव म्हणजे तिचा मूळचा भाग होय.

निवड बिनचूक झाली तरी बसविण्यांत घात होऊं शकतो. या कामांत सुट्या भागापेक्षां मजुरी भारी पडते, कारण सबंध पेटी खालीं उतरवावी लागते. म्हणून काम एकदांच, पण पुरतें करावें. पेटीच्या तोंडाचें सील त्याच वेळीं बदलावें. तेल थंड करणाऱ्या नळ्या व कूलर धुवून घ्यावेत, आणि गंजलेला वा धातूच्या कणीनें भरलेला कूलर बदलूनच टाकावा. नाहीं तर जुन्याचा चुरा नव्याच्या पोटांत जातो. कन्व्हर्टर बसविण्यापूर्वीं त्यांत थोडें तेल ओतावें, आणि तो दांड्यावर हळूहळू फिरवीत आंत ढकलावा. एकेक खांच जुळते तसा तो टक्कन् आंत सरकतो. पुरता बसल्यावर पेटी इंजिनाला हातानें भिडली पाहिजे, आणि कन्व्हर्टर व पोलादी तबकडी यांमध्यें पुस्तकांत दिलेली कांहीं मिलीमीटरांची फट राहिली पाहिजे. फट नसली आणि मिस्त्रीनें बोल्ट आवळून पेटी जबरीनें ओढून घेतली, तर इंजिन सुरू होतांच पेटीचा पंप फुटतो. बोल्टहि मूळच्या लांबीचेच हवेत. लांब बोल्टाचें टोंक डब्याला आंतून फुगवटा आणतें आणि लॉक-अपची सपाट बाजू बिघडवितें. शेवटीं तेल तेंच भरावें, जें गाडीचें पुस्तक सांगतें. सर्व लाल तेलें सारखीं नसतात.

आणि मुळांत, खर्च करण्यापूर्वीं गाडीकडेहि एकदां निष्पक्षपणें पाहावें. पंधरा वर्षें पुरी झालेल्या खाजगी मोटारीची नोंदणी तपासणीनंतर पांच पांच वर्षांसाठीं नवी करून घ्यावी लागते. किनाऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यानें तिच्या तळाचा पत्रा आणि ब्रेकच्या नळ्या खाल्ल्या असतील, तर नवा कन्व्हर्टर कितीहि उत्तम असला तरी तो त्या गाडीला वांचवूं शकणार नाहीं. पण तळ मजबूत आहे, ब्रेक शाबूत आहेत, इंजिन निरोगी आहे आणि दोष एका फ्रीव्हीलचा आहे, असें ठरल्यावर तिला भंगारांत घालणें म्हणजे विळा बोथट झाला म्हणून वाडी विकण्यासारखें होय.

किहीमच्या त्या गृहस्थांचा प्रश्न अशा रीतीनें सुटूं शकतो. तेल स्वच्छ निघालें; स्टॉलचे फेरे खालीं राहिले; इंजिन ठीक होतें; तेव्हां त्यांच्याच कन्व्हर्टरची दुरुस्ती करून तो परत बसविणें हा मार्ग सर्वांत कमी धोक्याचा ठरतो. त्यानंतरची खरी परीक्षा कोणत्याहि यंत्राच्या आंकड्यावर होणार नाहीं. ती मांडव्याच्या धक्क्यावर होईल. बोटीचा फळा टेकेल, पुढची गाडी निघून जाईल, मागची वाट पाहत उभी असेल, आणि उजव्या पायाचा हलका दाब पडतांच जुनी गाडी कोणाचाहि हात न लागतां चढ चढून जाईल. डावा पाय त्या वेळीं स्वस्थ राहील; त्याच्या वांटचें काम करणारें तेल पुन्हां आपल्या जागीं रुजू झालेलें असेल.